जुनी मोटार आणि आमची भीड

आमच्या दारांत सध्यां जी मोटार उभी आहे, ती आमच्या घरांतील दोन पिढ्यांच्या मुलांहून वयानें मोठी आहे. १९९६ सालची ही डिझेलवर चालणारी मर्सिडीज आम्हीं गेल्या वर्षीं घेतली. तेव्हांपासून आप्तेष्टांपैकीं पांच-सात जणांनीं तरी आम्हांस विचारलें असेल कीं, “इतकी जुनी गाडी घेतांना तुम्हीं पाहिलें तरी काय काय?” प्रत्येकास निरनिराळें सांगत बसण्यापेक्षां एकदांच सविस्तर लिहावें, म्हणून लेखणी हातीं घेतली आहे. मात्र हें ज्ञान आम्हांस आपोआप आलेलें नाहीं. एका पहिल्या गाडीपायीं, आणि तेंही दादांचे पैसे मोजून, तें आम्हांस मिळालें.

वडीलबंधू दादा, वहिनी, आम्ही उभयतां, दोघे पुतणे, सूनबाई आणि दोन नातवंडें, असें आमचें नऊ माणसांचें घर आहे. दादांचें वय आतां अठ्ठ्याहत्तर. त्यांची सारी नोकरी पिंपरीकडील एका कारखान्यांत झाली. १९९४ सालीं मर्सिडीज कंपनीनें टेल्कोच्या भागीदारींत पुण्यास बस्तान बसविलें, आणि १९९५ पासून पिंपरीच्या आवारांत त्यांच्या ई-वर्गाच्या गाड्या जोडल्या जाऊं लागल्या. (पुढें २००९ मध्यें तें काम चाकणला गेलें.) दादा पाळी संपवून बसच्या रांगेंत उभे असतां त्या नव्या कोऱ्या गाड्या समोरून जात. “एकदां हिच्यांतून गांवीं जाऊन यावें,” असें ते घरीं येऊन म्हणत, हें आम्हांस वहिनींनीं फार वर्षांनीं सांगितलें. दादांनीं स्वतः आमच्यापाशीं कधीं शब्द काढला नाहीं. त्यांचे गुडघे दुखूं लागल्यापासून मात्र लहान मोटारींत अंग आंखडून कुंभार्ली घाट उतरणें त्यांस सोसेनासें झालें, तेव्हां थोरल्या पुतण्यानें मोठ्या गाडीचा विषय काढला.

आरामाची मोटार जुनी झाली कीं तिची किंमत भराभर उतरते. एके काळीं बंगल्याच्या मोलानें विकली गेलेली गाडी वीस-पंचवीस वर्षांनीं नव्या लहान मोटारीहून स्वस्त मिळूं शकते, आणि गृहस्थ फसतो तो येथेंच. गाडीची किंमत उतरते. तिच्या सुट्या भागांची उतरत नाहीं. आमचे मिस्त्री म्हणतात कीं, गाडीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाइतकी रक्कम पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठीं बाजूस ठेवतां येत नसेल, तर त्या गाडीच्या वाटेस जाऊं नये.

पहिली गाडी आम्हीं २०१९ सालीं घेतली. ती जर्मन बनावटीची, २००८ सालची आणि दिल्लीहून आलेली होती. राष्ट्रीय हरित लवादानें २०१५ सालीं राजधानीच्या परिसरांत दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांस मनाई केली, २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ती कायम राखली, आणि तिकडील बऱ्या-वाईट गाड्या स्वस्तांत इतर राज्यांत येऊं लागल्या. विकणारे गृहस्थ सोयरिकींतून परिचयाचे व आम्हांहून वडील होते. आम्ही पोंचलों तेव्हां गाडी फाटकाशीं उभी असून इंजिन चालूच होतें. “म्हटलें, तुम्ही येणार, जरा गरम करून ठेवावी,” असें ते म्हणाले, आणि आम्हांस तें सौजन्य वाटलें. आम्हीं कातड्याच्या आसनांवरून हात फिरविला, चौकापर्यंत एक फेरी मारली, मग चहा-पोहे झाले. पुतण्या बॉनेट उघडावयास पुढें झाला, तेव्हां आम्हींच त्यास डोळ्यांनीं दटावलें. वडीलधाऱ्या माणसाचें खाऊन त्याच्याच दारांत त्याच्या वस्तूची झडती घ्यावयाची, हें आमच्या मनास पटेना. भीड ही भिकेची बहीण, ही म्हण आम्हीं तीस वर्षें मुलांकडून वाक्यांत घालून घेतली होती.

मार्गशीर्षांतल्या एका पहाटे गाडी सुरू होईना. मिस्त्रींनीं इंजिनावरचें आवरण काढलें, तों इंजेक्टरांभोंवतीं डांबरासारखा काळा थर साचलेला. इंजेक्टरांच्या बुडांतून वायू कित्येक महिने गळत होता, आणि एका सिलिंडराचा दाब पार उतरला होता. शिवाय गाडीची नोंद दिल्लीचीच राहिली असून महाराष्ट्राचा कर कोणींच भरला नव्हता. दादांनीं निवृत्तीच्या ठेवींतून काढलेले साडेचार लाख रुपये त्या गाडींत गेले होते. ती विकली तेव्हां त्यांतले सव्वा लाख परत आले. दादांनीं आम्हांस एका शब्दानें बोल लावला नाहीं. एकदां जेवतांना एवढेंच म्हणाले, “चहा मात्र चांगला होता हो.” त्या दिवशीं आम्ही ताक न घेतांच पानावरून उठलों.

मिस्त्रींनीं ही हकीगत ऐकली आणि विचारलें, “मास्तर, पेपर तपासतांना पोराचा बाप कोण, हें बघत होतां काय?” या प्रश्नापासून आमचें खरें शिक्षण सुरू झालें.

पहिली गोष्ट म्हणजे इंजिन थंड असलें पाहिजे. डिझेलच्या इंजिनांत ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेल या अभियंत्यानें १८९७ सालीं ऑग्सबुर्ग येथें जें इंजिन चालवून दाखविलें, त्याचें तत्त्व असें कीं, हवा इतकी दाबावयाची कीं ती दाबानेंच तापावी, आणि तींत इंधन फवारतांच पेटावें. पेट्रोलच्या इंजिनांत हवा साधारणतः दहापट दाबली जाते; नव्वदच्या दशकांतील अशा डिझेल गाड्यांत बावीसपट. हा दाब झिजला कीं डिझेलचा प्राणच गेला, आणि ही झीज थंडींत उघडी पडते, गरम इंजिनांत लपते. म्हणून आधीं फोन करून ‘आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करूं नका’ असें सांगावें, आणि पोंचतांच कोणाशीं बोलण्यापूर्वीं बॉनेटवर तळहात ठेवावा. गरम लागलें तर दुसऱ्या दिवशीं यावें. किल्ली अर्धी फिरवितांच हीटर प्लगचा पिवळा दिवा लागतो. तो विझल्यावर इंजिन सुरू करावयाचें. निरोगी इंजिन लगेच सुरू होतें.

मग मागें जाऊन धूर पहावा. सुरुवातीस थोडा पांढरट धूर आला तर तो क्षम्य आहे. पण तो रेंगाळला आणि इंजिन लंगडूं लागलें, तर हीटर प्लग तरी गेले आहेत, नाहीं तर दाब तरी उतरला आहे. निळसर धूर म्हणजे ऑईल जळत आहे. काळा धूर जोर दिल्यावर जुन्या डिझेलला थोडा येतोच. तो सतत येत असेल तर नोझल, पंप आणि हवेचा फिल्टर पहावा लागतो. इंजिन पुरतें गरम झाल्यावरही गोडसर वासाचा पांढरा धूर थांबत नसेल, तर सिलिंडरांत कूलंट शिरत आहे असें समजावें. अशा वेळीं, मिस्त्रींच्या शब्दांत, चहा न घेतां उठावें.

इंजिन चालू असतांच ऑईल भरण्याचें झांकण सैल करून तसेंच तोंडावर ठेवावें. तें थोडें थरथरलें तर हरकत नाहीं. तें नाचून खालीं पडलें आणि आंतून धुराचे लोट आले, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या. मिस्त्री लोक यास बॅक कॉम्प्रेशन म्हणतात. झांकणाच्या आंतल्या अंगास लोण्यासारखा फेस असेल तर ऑईलांत पाणी मिसळत असल्याचा संशय धरावा. पट्टीवरचें ऑईल काळें दिसलें म्हणून आमच्या पुतण्यानें नाक मुरडलें होतें. परंतु डिझेलचें ऑईल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळें होतें, तो दोष नव्हे. उलट विक्रीच्या दिवशीं तें मधासारखें स्वच्छ असेल तर कालच कां बदललें, हें विचारावें.

२००० सालानंतरच्या गाड्यांत संगणक असतो आणि तो दोष सांगतो खरा, पण दोषांची ती यादी भेटीच्या आधीं पुसतांही येते. यासाठीं गाडी अर्धा तास चालवून यंत्र पुन्हां लावून पहावें. त्याहून जुन्या गाड्यांत परीक्षा डोळ्यांची आणि कानांची. डिझेल नेणाऱ्या कांहीं नळ्या पारदर्शक असतात. त्यांत बुडबुडे धांवत असतील तर कोठें तरी हवा शिरत आहे. जुन्या मर्सिडीज डिझेलमध्यें एक मौज आहे. किल्ली काढली तरी इंजिन विजेनें बंद होत नाहीं. तें बंद होतें निर्वातानें, आणि दारांचीं कुलुपेंही हवेच्याच नळ्यांवर चालतात. त्यामुळें किल्ली खिशांत टाकल्यावरही इंजिन धडधडत राहिलें तर तें भूत नसून फाटलेली रबरी नळी असते. इंजिनांतल्या तारांचें आवरण मात्र वांकवून पहावें. त्या दशकांतील कांहीं युरोपीय गाड्यांत तें बिस्किटासारखें चुरतें. स्वयंचलित गिअर असल्यास गाडी पुढें-मागें घेतांना धक्का बसतो कीं काय, आणि त्याच्या ऑईलास करपट वास येतो कीं काय, तें पहावें.

रंग हा सर्वांत फसवा. रुमालांत लोहचुंबक गुंडाळून पत्र्यावर फिरवावा. जेथें तो चिकटत नाहीं तेथें रंगाखालीं लांबी भरलेली असते. मुंबई-कोंकणांत वाढलेल्या गाडीचें बूड, डिकीचा तळ आणि बॅटरीखालची जागा दिव्यानें पहावी. २६ जुलै २००५ च्या महापुरांत मुंबईंत असंख्य मोटारी बुडाल्या, आणि बुडालेली गाडी धुऊन-पुसून पुन्हां बाजारांत येतेच. आसनाचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पहावा. त्याचें टोंक कोणी धूत नाहीं, आणि चिखलाची रेघ तेथें वर्षानुवर्षें राहते.

कागदांचें म्हणाल तर सातबारा वाचण्याची जी संवय आपल्याकडे असते तीच येथें कामास येते. चॅसीचा व इंजिनाचा क्रमांक पुस्तकाशीं स्वतः ताडून पहावा, बँकेचा बोजा उतरला आहे कीं नाहीं तें पहावें, आणि पंधरा वर्षांनंतर दर पांच वर्षांनीं नोंदणीचें नूतनीकरण झाल्याची खातरी करावी. गाडी परप्रांतांतील असेल तर ना-हरकत दाखला पाहिजेच. बारा महिन्यांहून अधिक काळ ती येथें ठेवावयाची तर नवी नोंदणी आणि येथला कर चुकत नाहीं.

ही दुसरी गाडी साताऱ्यास होती. एका डॉक्टरांची, त्यांस जाऊन चौदा महिने झाले होते. मिस्त्रींना घेऊन आम्ही गेलों, बॉनेटवर हात ठेवला, तें थंड होतें. पण दारांत त्यांच्या पत्नी उभ्या होत्या, आणि गतमाणसाच्या वस्तूचें झांकण उघडावयास आमचा हात पुन्हां एकदां धजेना. बाईंच्या तें लक्षांत आलें. त्या म्हणाल्या, “संकोच करूं नका. हे असते तर त्यांनींच उघडून दाखविलें असतें.” मग त्यांनीं आंतून एक जाडजूड वही आणून दिली. पहिल्या दिवसापासूनचें प्रत्येक ऑईल, प्रत्येक फिल्टर, तारीख, किलोमीटर आणि दिलेली रक्कम तींत होती. शेवटच्या पांच-सहा पानांवर अक्षर थरथरूं लागलें होतें, पण नोंद एकही चुकलेली नव्हती. कांटा तीन लाख बारा हजार किलोमीटर दाखवीत होता, आणि वही व झिजलेलीं पायपट्ट्यांचीं रबरें त्यास साक्ष देत होतीं. तीन लाख म्हणजे कोणी दचकेल. परंतु ग्रीस देशांतील एका टॅक्सीवाल्यानें आपली १९७६ सालची डिझेल मर्सिडीज इंजिनें बदलून ४६ लाख किलोमीटर चालविली आणि २००४ सालीं ती कंपनीच्या संग्रहालयास दिली. थोडें चाललेल्या पण हयगय झालेल्या गाडीहून पुष्कळ चाललेली, निगा राखलेली गाडी आम्ही केव्हांही पत्करूं.

दोष निघालेच. टायरांवर ०९१५ असा आंकडा होता, म्हणजे ते २०१५ सालच्या नवव्या आठवड्यांतले. खांचा भरपूर, पण रबर तडकलेलें. थंड हवेचें यंत्र चालत नव्हतें. गाडी इतके महिने उभी राहिल्यानें मागचे ब्रेक धरले होते आणि टांकींतलें डिझेल काढून टाकावें लागणार होतें. विधवा बाईंपाशीं पैसे कमी करा म्हणावें कसें, या विचारांत आम्ही असतां मिस्त्रींनीं सरळ एकेक दोष मोठ्यानें सांगितला. बाईंनीं वही परत मागून घेतली, त्या दिवसाची तारीख घालून ते सारे दोष आपल्या हातानें क्रमवार लिहिले, बेरीज केली, आणि चार लाखांतून पंचावन्न हजार वजा केले. चहा त्यानंतर झाला.

पौषांत आम्ही गांवीं निघालों. पहाटेचे पांच वाजले होते, थंडी कडाक्याची. दादा पुढच्या आसनावर, मफलर गुंडाळून. पुतण्यानें घाईघाईनें किल्ली फिरविली तेव्हां दादांनीं त्याचा हात धरला आणि म्हणाले, “थांब, दिवा विझूं दे.” दिवा विझला, इंजिन सुरू झालें. वहींत त्या दिवसाची नोंद दादांच्या अक्षरांत आहे: ‘पुणें ते गुहागर, कुंभार्लीमार्गें. धूर नाहीं. ऑईल ठीक.’