शेवटच्या कडव्याच्या शोधात

महापरिनिर्वाण दिनाला दादरला आलेला आपला माणूस गावी परतताना दोन वस्तू हमखास नेतो. एक पुस्तक आणि दुसरे गाणे. शिवाजी पार्कवरच्या पुस्तकांच्या स्टॉलविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. गाण्यांच्या स्टॉलकडे मात्र लिहिणाऱ्यांचे फारसे लक्ष जात नाही. म्हणून गेल्या ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर अभिवादन करून झाल्यावर आम्ही ठरवले, या खेपेस गाण्याच्या मागे जायचे.

एके काळी येथे कॅसेटचे ढीग असत. लोक पोटाला चिमटा काढून कॅसेट घेत आणि वर्षभर ती टेपवर झिजवत. पुढे सीडी आली, तीही गेली. आता पेनड्राइव्ह मिळतो. अंगठ्याएवढ्या वस्तूत शेकडो गाणी. स्टॉलवाल्याने एक लावून दाखवले. सुरुवातीलाच घुमणाऱ्या आवाजात कुण्या डीजेने आपले नाव पुकारले. मग धडाधड ठेका, आणि त्यात ओळखीचा जुना आवाज. दोन कडवी झाली, पुन्हा ठेका, गाणे संपले.

आम्ही म्हणालो, "अहो, शेवटचे कडवे कुठे आहे?"

तो म्हणाला, "साहेब, एवढंच येतं."

वाचकहो, शेवटचे कडवे म्हणजे काही शेपूट नव्हे. कवीचे नाव तेथे असते. कबीर आणि तुकोबा यांच्या रचनांत असते तसेच आपल्या शाहिरांच्या गीतांतही असते. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (१९२२-२००४) शेवटच्या कडव्यात स्वतःला वामन म्हणून हाक मारीत. त्यांच्या एका संग्रहाचे नावच 'हे गीत वामनाचे' असे आहे. गाणे तोंडोतोंडी जाणार, कागद मागे राहणार, हे त्या मंडळींना पक्के ठाऊक होते. म्हणून सही त्यांनी गाण्याच्या पोटात ठेवली. ते कडवे कापले की सही गेली.

आठवड्याने आम्ही दादरहून स्लो लोकल पकडून ग्रँट रोडला उतरलो. वाटेत लोअर परळ लागते. गिरण्यांच्या जागी काचेचे मनोरे उभे आहेत. गिरणगावात रात्र रात्र जलसे रंगत. आज डब्यात ज्याच्या त्याच्या कानात वायर, कोण काय ऐकतो कळत नाही. असो.

ग्रँट रोडहून चोरबाजाराच्या मटण स्ट्रीटवर चालत जाता येते. तेथे जुन्या तबकड्या मिळतात. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटे वाजते. म्हणजे कापाकापी आजच्या पोरांनी सुरू केलेली नाही. रात्रभर चालणाऱ्या गाण्याला तबकडीनेही कात्री लावलीच होती. फरक एवढाच की तबकडीच्या मध्यावर कागदाचे लेबल होते, त्यावर नाव छापायला जागा होती. पेनड्राइव्हला लेबल नाही.

तेथून लॅमिंग्टन रोड जवळच. पाटीवर नाव डॉ. भडकमकर मार्ग, पण ते टपालापुरते. वायरी, स्पीकर, सर्किटे यांचा हा बाजार. आमच्या साडूच्या मुलाने आपला सगळा सरंजाम येथूनच हप्त्याहप्त्याने जमवला. सेकंडहँड लॅपटॉप, साउंड कार्ड, हेडफोन आणि हातभर लांबीचा कीबोर्ड. दिवसा तो मोटरसायकलवरून पार्सले पोचवतो आणि रात्री जुनी गाणी नव्याने जुळवतो. त्याचा बँड नाही, गुरू नाही, कमाई नाही. एकट्याचा छंद.

त्याची खोली घाटकोपरच्या डोंगरावर आहे. रिक्षा खालीच सोडते, पुढे पायऱ्या. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे. रात्री साडेदहाला आजी खाटेवर आडवी झाली की याचे काम सुरू होते. आवाज हेडफोनमध्येच.

काम वाटते तितके सोपे नाही. जुन्या गाण्यात ढोलकीवाला माणूस आहे, यंत्र नाही. गायक रंगात आला की लय चढते, दमला की उतरते. यंत्राचा ठेका तर सुतासारखा सरळ. म्हणून गाण्याचे बारीक बारीक तुकडे करून प्रत्येक मात्रा ठेक्याखाली ओढून बसवावी लागते. पूर्वी पेटी-ढोलकीतून गळा वेगळा काढणे जवळजवळ अशक्य होते. २०१९ साली डीझर या फ्रेंच कंपनीने गळा आणि वाद्ये वेगळी करणारा स्प्लीटर नावाचा प्रोग्रॅम फुकट खुला केला. तसली साधने आता पोरासोरांच्या हाती आहेत. त्याने प्रल्हाद शिंदे यांचा नुसता आवाज आमच्या कानाला लावला. मागे काही नाही. प्रल्हाददादा २००४ सालीच गेले, पण त्यांनी घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. अंगावर काटा आला, हे कबूल केले पाहिजे.

आम्ही कडव्याचा विषय काढला.

तो म्हणाला, "काका, तिथं गायक थांबतो. नाव घेताना लय सोडतो, ढोलकी बंद होते. मिरवणुकीत ठेका तुटला की नाचणारी पोरं तुटतात. आणि तुमच्या वेळच्यांनी सिनेमाच्या चाली उचलल्याच ना? आम्ही आवाज उचलतो."

मुद्दा खोटा नाही. सिनेमाची चाल घ्यायची आणि शब्द आपले घालायचे, यावर आपली कितीतरी गाणी उभी राहिली. पण त्यांनी शब्दांखाली स्वतःचे नाव घातले, दुसऱ्याचे नाव पुसले नाही. येथे कवीचे नाव जाते आणि डीजेचे बसते.

आम्ही कॉमर्सची माणसे, म्हणून हिशेबही मांडून दाखवला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे राहतो. वामनदादांचा २०६४ अखेरपर्यंत. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गाणे नव्याने गाऊन काढायचे तर पहिल्या ध्वनिमुद्रणाला पाच वर्षे उलटावी लागतात, आगाऊ मानधन भरावे लागते. मूळ आवाजच वापरायचा तर ध्वनिमुद्रणाच्या मालकाची परवानगी वेगळी. आणि कलम ५७ सांगते की हक्क विकून टाकला तरी रचना आपली आहे असे म्हणण्याचा लेखकाचा अधिकार शिल्लक राहतो.

पोरगा हसला. "मालकाची परवानगी कुठं मागू? मागं एका कंपनीनं माझं गाणं बंद पाडलं. पत्रात कंपनीचं नाव होतं, कवीचं तिथंही नव्हतं."

यावर आम्हांला उत्तर सुचले नाही. मालकी सांभाळणारे पुष्कळ आहेत, नाव सांभाळणारे कुणी नाही.

मग त्याने एक गाणे लावले आणि म्हणाला, हे वामनदादांचे, पण शेवटचे कडवे कुठेच सापडत नाही. आजीला त्रास नको म्हणून आवाज बारीक होता. तरी ती खाटेवरून बोलली, "आरं, पुढचं लाव की." पुढचे नव्हतेच. तेव्हा तिने पडल्या पडल्या भिंतीकडे तोंड करून ते म्हटले. दम पुरत नव्हता, पण शब्द अडखळला नाही. पोराने घाईघाईने मोबाइल पुढे धरला.

कडव्यात नाव आले. ते वामनदादांचे नव्हते. आजी म्हणाली, "निफाडकडचा होता गडी. आमच्या माहेरी जलसा घेऊन यायचा. पायानं अधू होता."

पोरगा पुन्हा पुन्हा ते ऐकत बसला. आजीची लय त्याच्या ठेक्यात बसत नव्हती. एकदा ओढून बसवली, ऐकली, आणि पुसली. शेवटी त्याने तेवढ्या जागेचा ठेकाच काढून टाकला.

निफाडला आमच्या कार्यालयातले एक जुने सहकारी आहेत. दुसऱ्याच दिवशी आम्ही त्यांना पत्र टाकले आहे.