मे महिन्यात नदी पाहून ठेवावी

शिंदखेडा तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत बदली झाली तेव्हा घरच्यांनी विचारलं, रोजचं जाणं-येणं कसं जमणार? मित्रांनी विचारलं, तिथून तापी किती लांब? धुळ्यात वाढलेल्या माणसाला गळाचा नाद पांझरेवर लागतो आणि पांझरेवरच त्याचा जीव उबतो. शहरातून जाणारी पांझरा वर्षातले बरेच दिवस नदी नसतेच. अक्कलपाड्याहून पाणी सोडलं तर चार दिवस वाहते, एरवी गावाचं सांडपाणी. त्यात गळ टाकला की चिलापी लागते. चिलापीला कसलंही पाणी चालतं, म्हणून ती लागल्याचा आनंदही फार टिकत नाही.

शिंदखेडा तालुक्याचा नकाशा पाहिला तर गळवाल्याचं डोकं फिरेल. उत्तरेची सगळी कड तापीची. पूर्वेला मुडावदपाशी पांझरा तापीला मिळते. शिंदखेडा गाव बुराईच्या काठावर, दोंडाईचा अमरावतीच्या. आणखी काय हवं? पण नकाशा वर्षभराचा असतो आणि नद्या चार महिन्यांच्या. बुराई साक्री तालुक्यातून येते, चिमठाण्यावरून शिंदखेड्याला येते आणि दिवाळीनंतर तिच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळतात. (चिमठाणे म्हणजे तेच, जिथे १९४४ च्या एप्रिलमध्ये साताऱ्याच्या प्रतिसरकारच्या लोकांनी इथल्या कार्यकर्त्यांच्या मदतीने सरकारी खजिना लुटला. माझ्या वर्गातल्या पोरांना ही गोष्ट बुराईपेक्षा जास्त खरी वाटते.) वाडी-शेवाडीच्या धरणात बुराईचं पाणी थोडं थांबतं, मालपूरला अमरावतीचं. तिथे मासे आहेत, पण ते सोसायटीने बीज सोडून वाढवलेले. बारमाही म्हणावी अशी एकच, तापी.

आणि तापीवर पहिले काही महिने मला काहीही लागलं नाही. जागा चुकत होती असंही नाही, कारण चुकायला जागाच दिसत नव्हती. सुलवाड्याच्या बॅरेजने पाणी अडवलेलं. खाली सारंगखेडा, त्याच्या खाली प्रकाशा, आणि गुजरातेत गेल्यावर उकाई. मुलताईहून निघून सुरतेपाशी समुद्राला मिळणारी ही ७२४ किलोमीटरची नदी आमच्या भागात पायरी-पायरीने थांबत जाते. पावसाळ्यात दरवाजे वर असतात, तेव्हा ती नदी असते. पाऊस सरत आला की दरवाजे खाली येतात, पाणी काठाला लागतं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं एकसारखं दिसायला लागतं. ना ओढ, ना भोवरा, ना खडकावर आपटून निघालेला फेस. नदीवर जागा ओळखण्याच्या ज्या खुणा मी शिकलो होतो त्या सगळ्या वाहत्या पाण्याच्या होत्या.

असाच एके दुपारी बसलेलो असताना मागून आवाज आला, "गुरुजी, आठे गळ टाकीसन काय व्हई? आठे पानी मरेल शे."

हे भोई समाजातले एक आबा. वय सत्तरीच्या पुढे, डोक्याला उपरणं, हातात जाळं नव्हे तर शेळ्यांची काठी. मासेमारी मुलांकडे दिलेली. मेलेल्या पाण्याचा अर्थ मी विचारला तर ते माझ्याशेजारी उकिडवे बसले आणि समोरच्या सपाट पाण्यावर काठीने रेघा मारायला लागले. तिथे खडकाची पट्टी, पूर्वी तिच्यावर बायका कपडे धुवायच्या. तिच्या अलीकडे वाळू, टरबुजाच्या वाड्या असायच्या. त्या बाभळीच्या समोर डोह, त्यात दोन बांबूंचा ठाव लागायचा नाही. आणि आम्ही बसलो होतो ते पूर्वीचं शेत, नांगराचं, सपाट. मासा शेतात कशाला येईल? "नदी बंद व्हयनी," आबा म्हणाले, "पन तिना रस्ता तोच शे."

एवढ्या एका वाक्यावर माझी पुढची सगळी गळबाजी उभी आहे. पाणी वर चढलं तरी मासा जुन्या पात्राच्याच कडेने फिरतो. खोल आणि उथळ जिथे भेटतात तिथे खाणं साचतं. आणि ती कड वरून दिसत नसेल, तर ती ज्याने पाहिली आहे त्याला विचारायचं किंवा पाणी उतरेल तेव्हा स्वतः जाऊन पाहायचं.

म्हणून मी मे महिन्यात नदीवर जायला लागलो. गळ न घेता. खानदेशातला मे म्हणजे पारा ४३-४४ वर, त्यामुळे सकाळी साडेपाचला निघून नऊला परत. त्या दिवसांत शेतीला आणि गावांना उपसून पाणी खाली गेलेलं असतं आणि काठाचे खालचे टप्पे उघडे पडतात. तापीचा काठ साधा उतार नाही. पिवळट मातीचे उंच कडे, त्यांत पावसाने कोरलेल्या घळी, आणि घळीतून उतरलं की एकदम वाळू. कुठली घळ थेट खोल पाण्यात उतरते आणि कुठली गाळात संपते, हे मेमध्येच कळतं. मी वहीत बाभळी, मोटारींचे पाइप, विजेचे खांब अशा न हलणाऱ्या खुणा लिहून ठेवतो. खडक अमक्या खांबाच्या सरळ रेषेत, काठापासून इतकी पावलं. बायको त्या वहीला तलाठ्याचा उतारा म्हणते.

पाइपांचं आणखी एक सांगायला हवं. काठावर शेतकऱ्यांच्या पाणबुडी मोटारी असतात. ज्याने मोटार टाकली त्याने पैसे घालून आधी खोल जागा शोधलेली असते, म्हणजे आपलं निम्मं काम झालेलं. पाइपावर शेवाळ धरतं, शेवाळाला मृगळ आणि रोहू येतात. अट एवढीच की शेतकऱ्याला आधी विचारावं. रात्री कोणी मोटारीपाशी दिसला तर तो केबल चोरायलाच आलाय असं समजतात, आणि त्यांचं फारसं चुकत नाही.

पुलांच्या जागा प्रसिद्ध आहेत. शिरपूरच्या रस्त्यावरचा गिधाड्याचा पूल, महामार्गावरचा सावळद्याचा. पुराचं पाणी खांबाला वळसा घालताना तळ खरवडून काढतं, तिथे खड्डा होतो, त्यात शिंगाळा बसतो. हे सगळं खरं, पण काठावरून तिथे गळ पोचतो तो फक्त पहिल्या खांबापर्यंत, आणि पहिल्या खांबापाशी नेहमी कोणीतरी आधीच बसलेलं असतं. मला पुलाखाली करमत नाही. वर ट्रकची धडधड, खाली बाटल्या.

माझी आवडती जागा मुडावद. कपिलेश्वराच्या देवळाखाली पांझरा तापीत येते. पांझरेत पाणी सुटलं की तिथे दोन रंगांची सीमा दिसते, पांझरेचं गढूळ, तापीचं हिरवट. गढूळ पाण्याच्या आडोशाने मोठा मासा उभा राहतो आणि वाहून येणारं टिपतो. घाटावर मात्र गळ टाकायचा नाही. तिथे अस्थी येतात, पिंड सोडले जातात, महाशिवरात्रीला यात्रा भरते. घाटालगतचे मासे माणसाळलेले, पायाशी येणारे, पण त्यांना हात लावलेला मी कोणाला पाहिला नाही. तसा नियम कुठे लिहिलेला नाही. घाटापासून चांगलं अंतर सोडून, पांझरेच्या अंगाला बसायचं.

त्याच पांझरेवर वर बेटावदच्या बाजूला वाळू उपसून झालेले खड्डे आहेत. पाणी आटलं तरी त्यांत राहतं आणि मरळ हमखास मिळते. मी तिथे जात नाही आणि पोरांनाही जाऊ देत नाही. नदीने केलेला डोह हळूहळू खोल होतो, यंत्राने केलेला खड्डा एका पावलात डोक्यावर जातो.

साहित्याचं फार बोलण्यासारखं नाही. तंगूस, शिसं, गळ हे धुळ्याहून आणतो. रीळ आहे, पण मृगळासाठी बांबूची काठी आणि ज्वारीच्या धांड्याचा तरंगा पुरतो. शेंगदाण्याची ढेप भिजवून कणकेत मळायची, गोळा घट्ट ठेवायचा. शिंगाळ्याला आणि वामीला गांडूळ. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा सहा-सातवर येतो तेव्हा पहाटे उठून जाण्यात काही अर्थ नसतो. पाणी उन्हाने जरा तापू द्यावं, अकराला जेवून निघावं. हे मला पटायला वेळ लागला नाही.

पावसाळा मात्र वेगळा. पहिले मोठे पाऊस पडले की नाल्या-ओढ्यांतून मासे वर चढतात आणि माझा वर्ग निम्मा होतो. "सर, मासा चढी ऱ्हायनात," एवढं सांगायला एक पोरगा शाळेत येतो आणि सांगून परत जातो. दहा जुलैला राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन असतो. १९५७ साली याच दिवशी ओडिशातल्या अंगुलला हिरालाल चौधरी आणि अलिकुन्ही यांनी माशाला पिच्युटरी ग्रंथीचा अर्क टोचून बंदिस्त जागेत अंडी घालायला लावली. रोहू, कटला, मृगळ ही मूळची गंगेच्या खोऱ्यातली मंडळी पुराच्या वाहत्या पाण्याशिवाय वीण करत नाहीत. तो प्रयोग साधला म्हणून आज आपल्या धरणांत सोडायला बीज मिळतं. हे मी दरवर्षी अर्ध्या वर्गाला शिकवतो. उरलेला अर्धा वर्ग त्या वेळी नाल्यात असतो. एकदा म्हणालो, पोटात अंडी असलेला मासा धरू नये, एक धरला तर हजारो गेले. मागच्या बाकावरून आलं, "मंग तुम्ही का बरं धरतस?" तेव्हापासून आषाढात मी गळ घरी टांगून ठेवतो. निदान पोरांना दिसेल असा.

याच दिवसांत हतनूरच्या बातमीवर लक्ष ठेवावं लागतं. भुसावळजवळच्या त्या धरणाला ४१ दरवाजे. तापी आणि पूर्णेच्या वरच्या भागात पाऊस झाला की ते उघडतात आणि आपल्याकडे आभाळ कोरडं असताना तापी चढते. गावात दवंडी होते, मोबाइलवर निरोप फिरतात. बॅरेजच्या खाली, सुटलेल्या पाण्याच्या तोंडाशी मासा भरपूर असतो आणि तिथे कोणीही, कितीही अनुभवी असला तरी, उतरू नये. मासा हवा तर पूर ओसरायला लागेपर्यंत थांबावं. गढूळ असेतो शिंगाळा आणि वाम, पाणी निवळायला लागलं की रोहू.

अडवलेल्या पाण्यातल्या मासेमारीचे हक्क ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात. गळाने एखाद-दुसरा मासा धरणाऱ्याला सहसा कोणी अडवत नाही, पण त्यांचं पोट त्या पाण्यावर आहे हे विसरू नये. मी आबांच्या मुलाला विचारून बसतो, त्यांची उभी जाळी जिथे असते तिथून लांब. मोठा कटला लागला तर तो त्यांच्या टोपलीत जातो. मला मृगळ पुरतो.

मासा घरी न्यायचा मात्र नाही. आई माळकरी. एका पालकांच्या शेतात तीन दगडांची चूल आहे, तिथे काळ्या मसाल्याचा रस्सा होतो, कळण्याच्या भाकरी त्यांच्या घरून येतात, आणि मी संध्याकाळी गांधील माशी चावल्यासारखं तोंड लाल घेऊन घरी जातो. आई विचारत नाही. आंघोळीचं पाणी तेवढं काढून ठेवते.

आता सुलवाड्याचं पुराचं पाणी उचलून जामफळच्या धरणात न्यायची योजना चालू आहे. सुलवाडे-जामफळ-कनोली नावाची, २०१९ च्या फेब्रुवारीत पंतप्रधानांच्या हस्ते धुळ्यात भूमिपूजन झालेली. मी आबांना म्हटलं, तिकडे पाणी भरलं की मासा येईल, जागा तुम्हीच दाखवायच्या. आबा हसले. "तठलं मनं देखेल नही." बरोबर आहे. तिथे बुडणार ती नदी नव्हे, बरीचशी शेतं. तिथला नाला कुठून वळायचा, विहिरी कुठे होत्या, बांध कुठला उंच, हे ज्यांची जमीन गेली त्यांनाच ठाऊक. सोंडल्याच्या बाजूचा एक विद्यार्थी आहे माझा, त्याचे आजोबा तिथे शेती करायचे. या मेमध्ये वही घेऊन त्यांच्याबरोबर फिरायचं ठरलं आहे. सकाळी साडेपाचला या म्हणालेत, आणि टोपी आणा.