निळी झलक

पेट्रोलचा वास आवडणारी माणसे जगात पुष्कळ आहेत. पंपावर गाडी उभी राहिली की ती हळूच काच खाली करतात आणि डोळे अर्धवट मिटून एक दीर्घ श्वास घेतात. मी काच वर करतो. सारी नोकरी रंगाच्या कारखान्यात टोल्युइन-झायलीनच्या पिंपांशेजारी काढलेल्या माणसाने पेट्रोलला नाक मुरडावे, याची घरातल्या मुलांना मौज वाटते. त्यांना मी काहीतरी थातुरमातुर उत्तर देतो. खरे कारण सांगायचे तर १९६४ सालच्या दिवाळीत जावे लागते, आणि तिथे जायला मला अजूनही फारसे आवडत नाही.

तेव्हा आमचे गाव औरंगाबाद होते. २०२३ साली त्याचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले. पण गोष्ट जुन्या नावाच्या काळातली आहे, म्हणून इथे तेच चालवून घ्यावे. गुलमंडीच्या मागच्या एका बोळात आमचा वाडा होता. मधोमध फरसबंद चौक, ओसरीपासून दोन पायऱ्या खाली. एका कोपऱ्यात मोरी, दक्षिणेच्या अंगाला मागचे दार. पावसाचे पाणी ओसरीवर चढू नये म्हणून चौक असा खोलगट केलेला. पाण्यावाचून दुसरेही काही तिथे साचू शकेल, हे बांधणाऱ्याच्या मनात कशाला आले असेल?

आत्या त्या वर्षी भाऊबीजेपर्यंत थांबायचे म्हणून आधीच माहेरी आली होती. येताना तिने आपली लग्नातली पैठणी आणली होती. पैठण आमच्यापासून तीस-बत्तीस मैलांवर, तेव्हा पैठणीचे अप्रूप आमच्याकडे गावच्या पाहुणीइतके. पण कुठल्याशा जेवणावळीत तिच्या पदरावर तुपाचा ओघळ गेला होता. रेशमाला आणि जरीला पाणी लावायची कुणाची छाती नव्हती. 'पेट्रोल वॉश' करून देणारी दुकाने तेव्हाही होती, पण दुकानात पैठणी टाकायची म्हणजे जीव टांगणीला. शेवटी ओळखीतल्या एका मोटारीच्या टाकीतून रबरी नळीने काढलेले बाटलीभर पेट्रोल घरी आले.

धनत्रयोदशीची संध्याकाळ. दुसऱ्या दिवशीच्या अभ्यंगस्नानासाठी तांब्याचा बंब चिंचेने घासून लखलखीत करून मोरीत ठेवला होता. त्याला झेंडूची माळही घातली होती. चौकात आत्या घमेल्यात पेट्रोल ओतून पदर चोळत बसली होती. आई ओसरीवरून दोनदा म्हणाली, "अहो वन्सं, वास फार येतोय हो." आत्या हसून म्हणाली, "आत्ता उडून जाईल."

मी नऊ वर्षांचा होतो. यमदीपदानाचा मान त्या वर्षी मला मिळाला होता. कणकेचा दिवा, त्यात तेल, वात दक्षिणेकडे. अपमृत्यू टळावा म्हणून हा दिवा लावतात, असे आजीने सांगितले होते, आणि त्या शब्दाचा अर्थ नीटसा न कळल्यामुळे मी फारच जबाबदारीने चाललो होतो. हाताचा आडोसा धरून दिवा पायऱ्यांवरून उतरवला आणि मागच्या दाराच्या उंबऱ्याशी जमिनीवर टेकवला. आत्या माझ्यापासून बारा-पंधरा फुटांवर असेल.

दिवा टेकला आणि निळसर असे काहीतरी फरशीवरून धावत गेले. माझ्या पायांपासून निघाले आणि आत्यापर्यंत पोचले. मग निळे राहिले नाही.

पुढचे मला तुकड्यातुकड्यांनी आठवते. कुणीतरी घागर घेऊन धावले, आणि पाणी पडताच जळते पेट्रोल त्या पाण्यावर तरंगत मोरीपर्यंत पसरले. आजीने मात्र शिकेकाई निवडता निवडता अंगाखालची गोधडी ओढली आणि आत्याला तिच्यात गुंडाळून दाबून धरले. अग्निशमनाच्या पुस्तकात पुढे मी जे वाचले ते आजीला कुणी शिकवले होते, कोण जाणे. आत्या वाचली. उजवा हात मात्र मनगटापर्यंत भाजला. त्या हाताची दोन बोटे पुढे कधी नीट मिटली नाहीत. आमच्या दारची रांगोळी आत्या घालत असे. पुढल्या दिवाळीपासून ती डाव्या हाताने घालू लागली.

"बंबातली ठिणगी उडाली," आत्या कण्हत कण्हत सगळ्यांना सांगत होती. आणि सगळ्यांनी ते मानले. बंबात विस्तव नव्हता. घासलेला गार बंब, त्याच्या नळीला झेंडूची माळ! पण त्या धांदलीत बंबाकडे पाहिले कुणी? पाहिले असेल ते मी एकट्याने. मी काही बोललो नाही.

पुढे मी रसायनशास्त्र घेतले. त्यामागे काही थोर प्रेरणा होती असे नाही. मार्क बरे होते, इतकेच. पण प्रयोगशाळेतला एक दिवस मला विसरता येत नाही. एबलचे यंत्र म्हणून एक उपकरण असते. व्हिक्टोरिया राणीच्या इंग्लंडात रॉकेलचे दिवे भडकून माणसे जळू लागली, कारण व्यापारी रॉकेलमध्ये स्वस्त नॅप्था मिसळत. तेव्हा फ्रेडरिक एबल या रसायनशास्त्रज्ञाने ते बनवले, आणि १८७९ साली ते तिकडच्या कायद्यात गेले. काम अगदी साधे. झाकणाच्या पितळी वाटीत तेल घ्यायचे, पाण्याच्या आंघोळीत ते हळूहळू तापवायचे, आणि अंशाअंशाला झाकणाची खिडकी उघडून एक इवलीशी ज्योत आत दाखवायची. बराच वेळ काही होत नाही. मग एका अंशावर तेलाच्या वर एक निळी झलक उमटते आणि विझते. तो त्या द्रवाचा फ्लॅश पॉइंट. ती झलक पाहताच माझ्या पोटऱ्यांना चटका बसल्यासारखे झाले. सरांना वाटले, मुलगा ज्योतीला भ्यायला.

त्या दिवशी मला एक गोष्ट कळली. द्रव कधी जळत नाही. जळते त्याचे बाष्प. पणतीतले तेल घ्या. गोडेतेलाला पेटण्याजोगे बाष्प सोडायला तीनशे अंशांच्या आसपास तापावे लागते, म्हणून ते वातीच्या टोकाशी तेवढे जळते आणि पणतीत शांत पडून राहते. आपली सारी दिवाळी तेलाच्या या सुस्वभावावर उभी आहे. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट शून्याखाली चाळीसच्या घरात. म्हणजे हिमालयाच्या शिखरावरसुद्धा ते बाष्प सोडायला तयार. औरंगाबादच्या आश्विनात त्याला काय लागणार? शिवाय हे बाष्प हवेहून तीन-चार पट जड. ते वर जात नाही, जमिनीवरून पाण्यासारखे वाहते आणि खोलगट जागी साचते. हवेत शंभरात दीड भाग झाले की पेटायला पुरे. लिटरभर हेक्झेन सारे उडाले तर एक लहानशी खोली स्फोटक हवेने भरते. "उडून जाईल," असे आत्या म्हणाली होती. ते उडाले होतेच. फक्त गेले नव्हते.

आपल्या कायद्यातही हीच निळी झलक बसली आहे. १९३४च्या पेट्रोलियम कायद्याने या साऱ्या मंडळींचे तीन वर्ग केले. फ्लॅश पॉइंट तेवीस अंशांखाली तो 'अ' वर्ग: पेट्रोल, हेक्झेन, टोल्युइन. तेवीसपासून पासष्टपर्यंत 'ब': रॉकेल, रंगाऱ्यांचे मिनरल टर्पेंटाइन. त्यावर त्र्याण्णवपर्यंत 'क'. या कायद्याचा कारभार पाहणारे मुख्य विस्फोटक नियंत्रक बसतात आपल्या नागपुरात, ही गोष्ट पुष्कळ मराठी माणसांना ठाऊक नसते. विक्रीसाठी नसेल तर 'अ' वर्गाचा माल तीस लिटरपर्यंत परवान्यावाचून ठेवता येतो. पण काचेची बाटली एका लिटरहून मोठी चालत नाही आणि तिला घट्ट बूच हवे. आमची बाटली या कलमात चोख बसत होती. बसत नव्हते ते घमेले.

एक मात्र या तीन वर्गांच्या तक्त्याविषयी बोलायला हवे. रॉकेल 'ब' वर्गातले, त्याचा फ्लॅश पॉइंट पस्तीस अंशांच्या पुढे, म्हणून ते पेट्रोलपेक्षा गरीब गाय. पण आमच्या मराठवाड्यातला वैशाख चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी उभे राहिलेले 'ब' वर्गाचे पिंप नावापुरतेच 'ब' वर्गाचे असते. एप्रिल-मेमध्ये मी टर्पेंटाइनला टोल्युइनचाच मान देत असे, आणि नवे पर्यवेक्षक मला भित्रा म्हणत. म्हणोत बापडे.

कारखान्यात मी भित्राच होतो. एका पिंपातून दुसऱ्यात द्रव ओतायचा तर दोन्ही पिंपांना तांब्याची तार लावून ती जमिनीत पुरलेल्या पट्टीला जोडल्याखेरीज मी बूच काढू देत नसे. ही द्रव्ये नळीतून नुसती वाहिली तरी त्यांच्यात वीज साठते, आणि ठिणगीला तेवढे निमित्त पुरते. पान्हे पितळेसारख्या धातूचे, अंगात सुती कपडे, विजेची बटणे पेटबंद पेटीत. हातावरचा रंग थिनरने धुणाऱ्या पोरांना मी साबण आणि तेल आणून देई. सगळ्यात भांडणे व्हायची ती रिकाम्या पिंपांवरून. आमच्याकडे पाण्याची ओरड, घरोघर दारापुढे दोनशे लिटरचे पिंप उभे. त्यामुळे कारखान्यातून निघालेल्या रिकाम्या पिंपांवर सगळ्यांचा डोळा. "साहेब, रिकामंच तर आहे." अरे बाबांनो, भरलेल्या पिंपात बाष्पाला हवा मिळत नाही, रिकाम्यात ती भरपूर मिळते! तळाशी उरलेल्या पेलाभर टोल्युइनवर भंगारवाल्याने गॅस-कटर चालवला की पिंपाचा तोफगोळा होतो. हे मी किती वेळा सांगितले असेल त्याला गणती नाही. वाफेने धुऊन घेतल्याशिवाय एकही पिंप मी फाटकाबाहेर जाऊ दिले नाही. त्यापायी मला 'पिंपवाले काका' हे नाव पडले.

रसायनशास्त्राने मला सुटकेची एक वाटही दाखवली होती. धुलाईचा इतिहास वाचताना कळले, की पेट्रोलजातीच्या द्रवात रेशीम किंवा लोकर चोळली की घर्षणाने वीज निर्माण होते आणि कुठेही ज्योत नसताना घमेले पेटते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनीतल्या धुलाईवाल्यांना या आगींचे कोडे पडले होते. अमेरिकेत स्टॉडर्ड नावाच्या धुलाईवाल्याच्या खटपटीने १९२८ साली अडतीस अंशांच्या वर फ्लॅश पॉइंट असलेला द्रव ठरवून घेतला गेला, तो याच आगींना कंटाळून. म्हणजे आत्याच्या बोटांमधल्या रेशमानेच ठिणगी टाकली असेल! कितीतरी रात्री मी या ठिणगीला घट्ट धरून झोपलो. पण सकाळी पुन्हा तेच दिसे: निळी झलक माझ्या पायांपासून निघाली होती, आत्याच्या हातांपासून नव्हे.

१ फेब्रुवारी २०२४च्या पहाटे सिडकोत, जालना रोडवरच्या उड्डाणपुलाशी गॅसचा एक टँकर धडकला आणि गळू लागला. रस्ते बंद झाले, आसपासची वीज तोडली, बंबांनी टँकरवर पाण्याचा मारा धरला. गॅस पेटवू नका, काडी ओढू नका, असे सगळ्यांना बजावले गेले. आम्ही आता सिडकोतच राहतो. हा गॅसही हवेहून जड, जमिनीवरून सरपटणारा. त्याला फ्लॅश पॉइंट विचारायचीही गरज नाही. मी खिडक्या पाहिल्या, गॅसचा नळ बंद केला, आणि देवघरातले निरांजन आत्याने लावण्याआधी उचलून घेतले. आत्या आता आमच्याकडेच असते. वय अठ्ठ्याऐंशी, कान तिखट. अंधाऱ्या खोलीत आम्ही दोघे चहावाचून बसून राहिलो.

माझ्या हातातल्या निरांजनाकडे ती पाहत होती. मला राहवले नाही.

"आत्या, तेव्हा बंब गार होता."

"हो."

"दिवा माझा होता."

"ठाऊक आहे मला." तिने उजव्या हाताची न मिटणारी बोटे डाव्या हाताने चोळली. थंडीत ती तसे करते. "अण्णांनी तुला फोडून काढला असता. नऊ वर्षांचं पोर. आणि धनत्रयोदशीला दिवा नाही लावायचा तर काय लावायचं? पेट्रोल मी आणवलं होतं. वहिनी दोनदा म्हणाली, वास येतोय. मी ऐकलं नाही."

मी काही बोललो नाही. बाहेर दूरवर बंबांचे भोंगे वाजत होते.

"ती पैठणी कुठं आहे रे?" थोड्या वेळाने तिने विचारले.

"तुझ्याच ट्रंकेत. पदर नाही तिला."

"काठ चांगला आहे तिचा. सुनेला सांग, काढून ठेव म्हणावं." मग खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "आणि चहा केव्हा मिळणार, ते जरा विचार कुणाला तरी."