मुंबई ते व्हिएन्ना, सायकलवर, एकट्याने: स्वस्त प्रवासाचा हिशेब कोण फेडतो?

वरूडहून पांढुर्णा किंवा मुलताईकडे जाणारा रस्ता सातपुड्याच्या अंगाने चढू लागतो. मे महिन्यात त्या रस्त्यावर दुपारी सायकलस्वार शोधून सापडत नाही. मृग बहार धरणाऱ्याने संत्र्याच्या झाडांना ताण दिलेला असतो, आंबिया बहार धरणारा विहिरीतले पाणी मोजत बसलेला असतो, आणि बाकीचे गाव सावली धरून असते. उन्हाळा हा वऱ्हाडात प्रवासाचा ऋतू नव्हे. मध्य युरोपात नेमके उलटे आहे. तिथे उन्हाळा म्हणजेच प्रवास; बर्फ वितळल्यावर आल्प्सच्या खिंडी मोकळ्या होतात, रात्री नऊपर्यंत उजेड राहतो आणि डॅन्यूबच्या काठाने सायकलींची रांग लागते. त्या रांगेत थोड्या पैशांत, एकट्याने सामील व्हावे हे आजच्या अनेक तरुणांचे स्वप्न आहे. ते स्वप्न नवे मात्र नाही. शंभर वर्षांपूर्वी मुंबईतला एक माणूस सायकलवर बसून एकटाच व्हिएन्नापर्यंत पोहोचला होता. त्याचे नाव फ्रामरोझ दावर.

दावरच्या आधी सहा जण होते. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा पारशी तरुण सायकलवरून जगप्रदक्षिणेला निघाले. काही वर्षांपूर्वी ओव्हल मैदानावर त्यांनी एका फ्रेंच माणसाचे भाषण ऐकले होते. तो युरोपातून पायी चालत हिंदुस्थानात आला होता. सहांपैकी एक तेहरानहून परतला, दोघे अमेरिकेत गळाले. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे ७१,००० किलोमीटर पूर्ण करून १८ मार्च १९२८ रोजी मुंबईत परत आले. त्यांच्या पुस्तकाला जवाहरलाल नेहरूंची प्रस्तावना आहे.

सहा जण निघाल्यावर अवघ्या तीन महिन्यांनी, २३ जानेवारी १९२४ रोजी, दावर निघाला. वय तिशीच्या घरात, पेशा क्रीडा पत्रकाराचा. सोबत कोणी नाही. मुंबई ते व्हिएन्ना हे सुमारे ५,००० किलोमीटर अंतर कापायला त्याला नऊ महिने लागले. जानेवारीत नऊ महिने मिळवले की ऑक्टोबर येतो. म्हणजे ज्या उन्हाळ्यात युरोपीय माणूस हौसेने सायकल काढतो, तो उन्हाळा दावरच्या वाट्याला युरोपच्या अलीकडच्या मुलखात आला आणि व्हिएन्नात तो पानगळीच्या सुमारास पोहोचला.

व्हिएन्ना सायकलस्वारांना अपरिचित नव्हते. १८८५ मध्ये टॉमस स्टीव्हन्स नावाचा प्रवासी पुढचे चाक माणसाच्या छातीएवढे उंच असलेल्या जुन्या धाटणीच्या सायकलवर बसून याच शहरातून बुडापेस्टकडे गेला होता. पण स्टीव्हन्सने पाहिलेला मध्य युरोप आणि दावरने पाहिलेला मध्य युरोप यांच्यामध्ये एक महायुद्ध उभे आहे. १९१४ पूर्वी साराजेव्होपासून प्रागपर्यंत एकाच सम्राटाचे राज्य होते. १९१८ मध्ये ते कोसळले, १९१९ आणि १९२० च्या तहांनी त्याचे तुकडे झाले आणि प्रत्येक तुकड्याला स्वतःची सीमा, स्वतःचा जकातनाका आणि स्वतःचे चलन लाभले. व्हिएन्ना ही पाच कोटींच्या साम्राज्याची राजधानी होती; आता ती सुमारे पासष्ट लाख वस्तीच्या एका लहान प्रजासत्ताकाची राजधानी उरली होती. घर विकले गेले, दिवाणखाना तेवढा राहिला, अशी तिची अवस्था.

आता पैशाची गोष्ट, कारण स्वस्त प्रवासाचा इतिहास हा शेवटी चलनाचा इतिहास असतो. नोव्हेंबर १९२३ मध्ये जर्मनीत एका डॉलरला ४ लाख २० हजार कोटी मार्क मिळत होते. ऑस्ट्रियातली अशीच आग १९२२ मध्ये राष्ट्रसंघाच्या मध्यस्थीने मिळालेल्या कर्जामुळे आटोक्यात आली, पण तोवर डॉलरचा भाव सुमारे ७०,००० क्रोनवर जाऊन ठेपला होता. १९२४ मध्येही पावाची लादी हजारो क्रोनांची होती. दहा हजार क्रोनांना एक शिलिंग असे नवे चलन पुढच्या वर्षी लोकांच्या हाती आले. हिंदुस्थानचा रुपया त्या काळी ब्रिटिश पाउंडाच्या आधाराने चाले. पाउंडाला साधारण १३ ते १५ रुपये पडत. १९२१-२२ मध्ये खिशात थोडे पाउंड असलेला परदेशी माणूस व्हिएन्नात आरामात राहू शकत होता, आणि अनेक जण तसे राहिलेही. त्यांच्या त्या स्वस्ताईची किंमत कोण मोजत होते, हे त्या शहराच्या निवृत्त शिक्षकांना आणि विधवांना विचारायला हवे होते. आयुष्यभराच्या बचतीत त्यांना आठवड्याचा किराणा येईना. दावर पोहोचला तेव्हा चलन स्थिरावले होते, म्हणजे परक्यासाठी ती चैन संपली होती. दोन वर्षे उशीर झाला असे कोणी म्हणेल. दुसऱ्याच्या दिवाळखोरीवर स्वस्त प्रवास करण्याची वेळ टळली असेही म्हणता येईल.

मग थोड्या पैशांत माणूस तिथे फिरत कसा असे? याची तयारी मध्य युरोपाने आधीच करून ठेवली होती, आणि ती काही परदेशी पाहुण्यांसाठी नव्हती. सुतार, गवंडी, लोहार यांनी उमेदवारी संपल्यावर काही वर्षे गावोगाव काम करत हिंडायचे, ही तिथली शतकांची रीत. विसाव्या शतकाच्या प्रारंभी शाळकरी मुलांनी पाठीला पोतडी बांधून रानोमाळ भटकण्याची चळवळ उभी केली. रिचर्ड शिरमान नावाच्या एका जर्मन शिक्षकाने १९१२ मध्ये आल्टेना येथील जुन्या किल्ल्यात अशा मुलांसाठी रात्रीच्या मुक्कामाची सोय केली. जगातले पहिले युवा वसतिगृह ते हेच. सायकल हेही तिथे श्रीमंतांचे खेळणे राहिले नव्हते. जर्मनीतल्या कामगार सायकलस्वारांची संघटना १८९६ सालची, आणि पहिल्या महायुद्धापूर्वीच तिचे सदस्य लाखाच्या वर गेले होते. याशिवाय त्या काळातले जगप्रवासी आपले छायाचित्र असलेली पोस्टकार्डे छापून चौकाचौकांत विकत आणि त्यावर पुढचा टप्पा गाठत. आजच्या समाजमाध्यमांवरच्या वर्गणीचे हे पणजोबाच.

वऱ्हाडच्या वाचकाला यात परके काही वाटू नये. शेंडगावात १८७६ मध्ये जन्मलेल्या डेबूजीने १९०५ मध्ये घर सोडले आणि हातात काठी व फुटके गाडगे घेऊन तो वर्षानुवर्षे पायी हिंडला. गावात शिरल्यावर आधी झाडलोट, मग भाकर, हा त्याचा क्रम. गाडगेबाबांनी पुढे पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उभ्या केल्या, त्या मुख्यतः ज्यांना दुसरीकडे पाठ टेकायला जागा मिळत नसे त्यांच्यासाठी. आल्टेनाचा किल्ला आणि पंढरपूरची धर्मशाळा यांची जातकुळी एक आहे. गरीब माणसालाही रस्त्यावर हक्काची रात्र मिळाली पाहिजे, हे दोन्हीकडच्या लोकांना जवळजवळ एकाच काळात, एकमेकांचा पत्ता नसताना उमगले होते. फरक असलाच तर एवढा की तिकडे त्याचे वसतिगृह झाले, पुढे त्याचा शिक्का आणि सदस्यत्वाचे कार्ड झाले. इकडे ते पुण्याच्या खात्यात गेले आणि प्रवासाच्या इतिहासात त्याची नोंद सहसा कोणी करत नाही.

दावरकडे या दोहोंखेरीज आणखी दोन गोष्टी होत्या, आणि त्यांचा उल्लेख टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पहिली म्हणजे इंग्रजी. दुसरी म्हणजे पासपोर्ट. महायुद्धापूर्वी युरोपातल्या बहुतेक सीमा कागदाशिवाय ओलांडता येत. युद्धाने ती मोकळीक संपवली आणि हिंदुस्थानातही १९२० मध्ये पासपोर्टचा कायदा झाला. दावरच्या हातातला कागद ब्रिटिश प्रजाजनाचा होता. ज्या साम्राज्याविरुद्ध दोनच वर्षांपूर्वीपर्यंत देशात असहकार चालला होता, त्याच साम्राज्याची मुद्रा परमुलखातल्या नाक्यावर उपयोगी पडत होती. गुलामीचा कागद आणि मोकळीकीचा कागद एकच असावा, ही त्या पिढीची विचित्र परिस्थिती आहे. तिला हसण्यात अर्थ नाही आणि ती लपवण्यातही नाही.

वऱ्हाडातून तेव्हा असे कोणी का निघाले नाही, हा प्रश्न म्हणूनच धैर्याचा नाही. मुंबईच्या तरुणाच्या दाराशी बंदर होते, क्लब होता, वर्तमानपत्र होते, दानशूर समाज होता. वरूडच्या समवयस्काच्या दाराशी कापूस आणि सावकार होता. संस्थेचे पाठबळ मिळाले तेव्हा इकडचीही माणसे गेली: अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ मध्ये ऑलिंपिकच्या निमित्ताने बर्लिनला पोहोचले आणि तिथे त्याने कबड्डीसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवली.

व्हिएन्नात दावरचा एकट्याचा प्रवास संपला. तिथे त्याला गुस्ताव स्ताव्यानिक हा सायकलस्वार भेटला आणि तो दावरबरोबर निघाला. एक जण साम्राज्याचा प्रजाजन, दुसरा साम्राज्य हरवलेल्या देशाचा नागरिक. दोघांनी मिळून पुढची सुमारे साडेसहा वर्षे चाके फिरवली: युरोप, सहारा, अँडीज, अ‍ॅमेझॉनचे खोरे. १९३१ मध्ये ते मुंबईत आले तेव्हा एकूण अंतर १,१०,००० किलोमीटर आणि देश ५२ झाले होते. सहारा आणि अ‍ॅमेझॉन यांवर स्वतंत्र पुस्तके निघाली, तीही इंग्रजीत. मराठी वाचक युरोप पाहायला ‘अपूर्वाई’च्या बोटीत बसला, सायकलच्या कॅरिअरवर त्याला कोणी बसवले नाही. हकीम, दावर आणि त्यांच्यानंतरच्या पारशी सायकलस्वारांची छायाचित्रे व आठवणी अलीकडे गोव्यातील अनूप बाबानी आणि साविया व्हिएगस यांनी गोळा केल्या, प्रदर्शन भरवले, पुस्तक केले. म्हणून ही नावे पुन्हा वर आली.

आज वरूडहून कोणी निघालाच तर रस्ता दावरपेक्षा कितीतरी सोपा आहे. पासाऊ ते व्हिएन्ना हा डॅन्यूबकाठचा सायकलमार्ग सुमारे ३२० किलोमीटरचा, जवळजवळ सपाट आणि प्रवाहाच्या दिशेने उतरता. मुलताईच्या परिसरात तापी आणि वर्धा उगम पावतात, एक पश्चिम समुद्राकडे जाते, दुसरीचे पाणी पूर्वेला. तसेच काळ्या जंगलाच्या डोंगरांत काही पाणी डॅन्यूबला मिळते, काही ऱ्हाईनला. नदीचा काठ धरला की चढ चुकतो, हे सायकलस्वाराचे जुने शहाणपण. वॉर्मशॉवर्ससारख्या जाळ्यामुळे अनोळखी घरात अंघोळ आणि पथारीही मिळते.

अडते ते निघण्यापूर्वीच. शेंगेन व्हिसासाठी ९० युरो शुल्क, किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा, बँकेतल्या शिलकीचा पुरावा, परतीच्या प्रवासाचा पुरावा, आणि रात्री कुठे मुक्काम करणार त्याचा पुरावा. पायडल मारत जायचे आणि दमल्यावर थांबायचे, हा ज्या प्रवासाचा प्राण, त्याच्या प्रत्येक रात्रीचा पत्ता महिनाभर आधी लिहून द्यायचा. हॉटेलात उतरणाऱ्याला हे सोपे जाते, तंबू घेऊन निघालेल्याला अवघड. त्यात जर्मनीत मोकळ्या रानात तंबू ठोकणे सहसा कायद्याने मना. गाडगेबाबांना मुक्कामाचा पुरावा कोणी मागितला असता तर त्यांनी झाडू दाखवला असता.

दावर परतल्यावर दोनच वर्षांनी, १९३३ मध्ये, केकी खरास, रुस्तम गांधी आणि रतन श्रॉफ हे आणखी तिघे मुंबईहून निघाले. ८४,००० किलोमीटर करून ते १९४२ मध्ये परत आले. दावर ज्या ऑस्ट्रियात एकटा शिरला होता तो देश तेव्हा नकाशावर नव्हता. १९३८ च्या मार्चमध्ये हिटलरच्या जर्मनीने तो गिळला होता, आणि व्हिएन्नाच्या नाक्यावर शिक्का मारणारे हात बदलले होते.