कप्तानाची मिठी

गेल्या पावसाळ्यात रत्नागिरीच्या घरी आम्हां दोघां भावंडांचा मुक्काम ठरवल्यापेक्षा बराच लांबला. घर वडिलांच्या नावावरून आमच्या नावावर करून घ्यायचे होते. कचेरीतला हेलपाटा झाला की उरलेला दिवस पागोळ्या मोजण्याखेरीज काम नव्हते. अशाच एका दुपारी, वीज नसताना, लॅपटॉपवर उतरवून आणलेले 'स्टार ट्रेक'चे जुने भाग आम्ही लावले. जुने म्हणजे अगदी मुळातले, ८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेत सुरू होऊन १९६९ साली तीन पर्वांत आणि ७९ भागांत आटोपलेले. पुढे या झाडाला इतक्या फांद्या फुटल्या, की मूळ खोडाकडे आता कोणी फारसे फिरकत नाही. आमचे नाते मात्र खोडाशीच. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनने रविवारी सकाळी ही मालिका दाखवली, ती आम्ही शेजारच्या बिऱ्हाडातल्या कृष्णधवल संचावर पाहिली होती.

पाहिली म्हणजे ऐकली, असे म्हणणे अधिक खरे. मालिका इंग्रजीत, आम्ही मराठी शाळेत, आणि अमेरिकन उच्चार तर मोठ्यांच्याही डोक्यावरून जाणारे. दुभाष्याचे काम वडिलांकडे असे. त्यांचे इंग्रजी कचेरीतल्या फायलींतून आलेले होते. 'विथ रेफरन्स टु युवर लेटर' इथपर्यंत ते भक्कम, पुढे अंदाजपंचे. पण खोलीत दाटीवाटीने बसलेल्या दहा-बारा पोरांना त्याची काय फिकीर? वडिलांनी कर्कला 'कप्तान' केले, स्पॉकला 'शास्त्रीबुवा' आणि डॉक्टर मॅकॉयला 'वैद्यबुवा'. प्रकाशाच्या झोतात विरघळून माणसे दुसऱ्या ग्रहावर उतरत, त्याला ते 'अंतर्धान' म्हणत. (दर आठवड्याला अख्खे यान जमिनीवर उतरवून दाखवणे परवडणारे नव्हते, म्हणून निर्मात्यांनी ही युक्ती काढली होती. दारिद्र्यातून निघालेली ही कल्पना मालिकेची ओळख होऊन बसली, हे आम्हांला फार पुढे कळले.) परक्या संस्कृतीत हस्तक्षेप करायचा नाही हा यानाचा मुख्य नियम वडिलांनी एका वाक्यात सांगितला होता : पाहुण्याने यजमानाच्या चुलीत फुंकर घालू नये.

आता इंग्रजी उपशीर्षके समोर ठेवून तेच भाग पाहताना आमची चांगलीच करमणूक झाली. वडिलांनी सांगितलेल्या कथांपैकी निम्म्या पडद्यावर नव्हत्याच! 'स्पेस सीड' या भागातला खान नूनियन सिंग हा उत्तर हिंदुस्थानातला, बहुधा शीख, असे मूळ कथेत सुचवले आहे. भूमिका केली होती रिकार्दो मोन्तालबान या मेक्सिकन नटाने. वडिलांनी त्याला इंग्रजांशी वैर धरून पृथ्वी सोडून गेलेला संस्थानिक करून टाकले होते. ज्या गावात ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला १८८५ च्या पराभवानंतर आणून ठेवले आणि जिथे तो १९१६ साली मेला, त्या गावात हद्दपार राजाची गोष्ट जुळवायला फार लांब जावे लागत नाही. खरी कथा वेगळी आहे. जनुकीय सुधारणा केलेले अतिमानव नव्वदच्या दशकात जगाला महायुद्धात लोटतात, आणि १९९२ ते १९९६ या काळात पृथ्वीचा चौथा हिस्सा या खानाच्या ताब्यात असतो. लहानपणी ऐकताना १९९२ हे आमच्या लेखी भविष्य होते. ते उगवले तेव्हा आम्ही दोघेही शिक्षणासाठी मुंबईत होतो आणि त्या डिसेंबरात खिडक्या लावून बसलो होतो. अतिमानवांची गरज पडली नाही.

मालिकेचे वय आता लपत नाही. पुठ्ठ्याचे खडक ओळखू येतात. २००६ पासून यानाची आणि ग्रहांची दृश्ये संगणकावर नव्याने करून बसवली गेली, ती आम्ही पाहून बाजूला ठेवली. धुतलेल्या चेहऱ्यावर जुना अंगरखा, असे काहीसे वाटले. पुठ्ठा क्षम्य आहे. क्षम्य नाही ते दुसरेच. यानावर उहुरा ही कृष्णवर्णीय अधिकारी बाई बसवणारी, १९६६ च्या अमेरिकेत हे धाडस करणारी हीच मालिका शेवटच्या भागात, 'टर्नअबाउट इंट्रूडर'मध्ये, स्त्रीला कप्तानपद झेपत नाही अशी कथा रचून निरोप घेते. हा भाग वडिलांनी कसा सांगितला होता, ते दोघांनाही आठवेना.

'द डेव्हिल इन द डार्क' मात्र त्यांनी जवळजवळ बिनचूक सांगितला होता. खाणीत कामगार मरताहेत. मारणारा प्राणी दगडाचाच बनलेला, दगडातून हवेसारखा फिरणारा. शेवटी उलगडते की खाणवाले ज्या गोल गोट्या बिनमोल समजून फोडत होते, ती त्याची अंडी होती, आणि हा प्राणी म्हणजे पिल्ले राखणारी आई. घराच्या भिंती जांभ्याच्या, गावाबाहेर जांभ्याच्या खाणी. आम्ही पुढे कित्येक महिने चिऱ्याला कान लावून ऐकत असू. हे कळायला इंग्रजी लागलेच नसावे. आई आणि अंडी कोणत्याही भाषेत ओळखू येतात.

म्हणूनच 'द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर'पाशी आम्ही अडलो.

हा भाग ६ एप्रिल १९६७ चा, मूळ लेखन हार्लन एलिसनचे. त्याच्या संहितेत इतरांनी इतके फेरफार केले, की तो जन्मभर त्यावर चिडून राहिला. तरी या भागाला ह्यूगो पारितोषिक मिळाले. भ्रमिष्ट अवस्थेतला डॉक्टर कालद्वारातून भूतकाळात शिरतो आणि इतिहास मोडतो. तो सांधायला कर्क आणि स्पॉक १९३० च्या न्यूयॉर्कमध्ये, मंदीच्या दिवसांत उतरतात. तिथे भुकेल्यांना सूप वाढणारी ईडिथ कीलर भेटते. कप्तान तिच्या प्रेमात पडतो. मग स्पॉक हिशेब मांडून दाखवतो : ही बाई रस्त्यावरच्या अपघातात मेली पाहिजे. ती जगली तर तिची शांततेची चळवळ अमेरिकेला युद्धात उतरायला उशीर लावील, आणि युद्ध हिटलर जिंकेल.

वडिलांनी सांगितलेला शेवट आम्हां दोघांना शब्दशः आठवत होता. कप्तानाला बऱ्याच दिवसांनी वैद्यबुवा भेटले, दोघांनी मिठी मारली, आणि त्या गडबडीत बाईकडे कोणाचे लक्ष राहिले नाही. ट्रक आला. कप्तानाला पोहोचता आले नाही.

पडद्यावर मिठी आहे, पण एक नव्हे, दोन. पहिली भेटीची. मग ईडिथ रस्ता ओलांडू लागते, कर्क पुढे सरकतो आणि मध्येच थांबतो. डॉक्टर तिला वाचवायला धावतो, आणि कर्क त्याला दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवतो. ही दुसरी. ट्रकचा आवाज येतो तेव्हा कर्कचे डोळे मिटलेले आहेत. संवाद नंतर येतात. त्याआधीच सारे घडून गेलेले असते. हे न समजण्यासारखे काही नाही. अंड्यांची गोष्ट ज्याला कळली, त्याला हे कळले नसेल?

आमच्यापैकी कोणीच काही बोलले नाही. बोलण्याची गरजही नव्हती. आमच्या जन्माआधी, एका जूनच्या सुरुवातीला, भाट्याच्या किनाऱ्यावर धाकटे काका बुडाले. मधले काका त्यांच्यामागे पाण्यात शिरत होते. वडिलांनी त्यांना कमरेला मिठी घालून वाळूत दाबून धरले. एक गेला, एक राहिला. आईने हे आम्हांला एकदाच सांगितले, तेही वडील गेल्यानंतर, २००९ साली. मधले काका त्याच वर्षी मुंबईला निघून गेले होते. सणावाराला येत, वडिलांच्या पाया पडत, पण दोघे एका खोलीत फार वेळ बसल्याचे आम्हांला आठवत नाही.

वडिलांनी तो शेवट आमच्यासाठी बदलला, की स्वतःसाठी, की मिठीचा खरोखरच तसा अर्थ त्यांना लागला, हे आता ठरवता येणार नाही. त्यांच्या शास्त्रीबुवांनी हिशेब मांडून दाखवला होता. वडिलांना भाट्यावर तो कोणी मांडून दिला नव्हता, आणि मिठी सोडली असती तर कदाचित दोघेही परत आले असते, या शंकेला उत्तर देणारे कालद्वार तिथे नव्हते.

परतीच्या वाटेवर आम्ही डोंबिवलीला मधल्या काकांकडे उतरलो. वय ऐंशीच्या पुढे, दृष्टी बरी, कान मंद. आधी काही न सांगता, लहानपणी बघायचो ती मालिका, एवढे म्हणून आम्ही तो भाग लावला. असे करावे की नाही यावर गाडीत आमचा वाद झाला होता आणि तो मिटलेला नव्हता. काकांनी चहा हातात धरून शेवटपर्यंत पाहिले. मग शेवटची दोन मिनिटे पुन्हा लावायला सांगितली. पुन्हा पाहिली.

"दादानं हे पाहिलंन होतं?"

"हो. आमच्याबरोबरच."

"आणि तुम्हांला काय सांगितलंन?"

आम्ही सांगितले. मिठीचे, गडबडीचे, पोहोचता न आल्याचे. काका बराच वेळ कपाकडे बघत राहिले. चहावर साय धरली होती, ती त्यांनी बोटाने काढून बशीत ठेवली.

"पोहोचता आलं नसतंच," ते म्हणाले. "ओहोटी होती." आणि मग, याच्या पुढचा भाग आहे का, असे त्यांनी विचारले.