आमच्या घरचा ओटा

चळवळीच्या कागदावर ओट्याचं काय काम, असं काही दोस्त म्हणतील. म्हणू देत. बैठकीत चार तास जातिअंतावर बोलून झालं की आतल्या खोलीकडं तोंड करून "चहा टाका गं" म्हणणारे तुम्हीच. तो चहा जिथं उकळतो त्या जागेबद्दल आज लिहितेय.

बुधवार पेठेतलं आमचं घर दोन खोल्यांचं. वर पत्रा. मागची खोली दहा बाय आठ. तीच रांधायची, तीच न्हायची, तीच बाळंतिणीची. आधी चूल होती, मग रॉकेलचा स्टो आला, मग गॅस. पण सगळं भुईवरच. आयनं सारा जन्म उकिडवं बसून रांधलं. शेवटी गुडघे गेले. डॉक्टर म्हणाला, खाली बसणं बंद. म्हणून बचत गटाचं कर्ज काढलं आणि वैशाखात काम धरलं. सोलापूरचा वैशाख! अकरा वाजले की मिस्त्रीसुद्धा थापी टाकून बाहेर सावलीला येऊन बसायचा.

पहिल्याच दिवशी मिस्त्रीनं विचारलं, "मावशी, देव्हारा कुठं काढायचा? आन् शेगडी आग्नेयेला बसती का बघू."

आय म्हणाली, "देव आमच्या बापानं 56 सालीच सोडलं की ओ. शेगडी खिडकीपाशी घ्या. वाफ कुठनं जाईल ते बघा."

वास्तुशास्त्र तिथंच संपलं. खरा वाद उंचीवर झाला. मिस्त्रीनं भिंतीवर खडूनं 32 इंचांची रेघ मारली. "सगळीकडं हेच माप असतं." आय चार फूट नऊ इंच. ती रेघेपाशी उभी राहिली अन् म्हणाली, "सगळीकडं म्हंजी कुठं?"

हा प्रश्न साधा नव्हता. आयनं वीस वर्षं एका मोठ्या घरची भांडी घासली. त्या घराचं नाव इथं घेत नाही. मागच्या बोळातून जायचं, मोरीवर बसायचं. खरकटं आतून बाई ढकलणार. घासलेली भांडी पालथी घालायची, बाई त्यावर पाणी शिंपडणार, मगच ती आत जाणार. चहा मिळायचा, कान तुटलेल्या कपात. तो कप मोरीच्या कोनाड्यात एकटा. बुडाला काय चिकटलंय त्यावरून आय ओळखायची, आज पुरण होतं, आज बासुंदी. त्या घरचं स्वयंपाकघर मात्र वीस वर्षांत तिनं एकदाही पाहिलं नाही. मिस्त्रीचं 'सगळीकडं' तिनं बघणार तरी कुठं?

हे जुनं झालं, असं शहरातले शिकलेले लोक म्हणतात. 2011-12 साली भारत मानव विकास सर्वेक्षण झालं. देशभरातली 42,000 वर घरं त्यात होती. अस्पृश्यता पाळता का, हा एक प्रश्न. नाही म्हणणाऱ्यांना दुसरा: दलित माणूस तुमच्या स्वयंपाकघरात आला, तुमची भांडी वापरली, तर चालेल का? दोन्ही मिळून 27 टक्के घरं सापडली, तीही स्वतःच्या तोंडानं सांगणारी. विचारणाऱ्यांना ठाऊक होतं, जातीचा तपास दिवाणखान्यात लागत नाही, आत जावं लागतं. आणि 2017 साली पुण्यात एका शास्त्रज्ञ बाईनं सोवळ्याच्या स्वयंपाकाला आलेल्या बाईवर जात लपवली म्हणून पोलिसात तक्रार केली. ती स्वयंपाकीण दलितही नव्हती, मराठा होती. बोंब झाल्यावर तक्रार मागं घेतली, ती गोष्ट वेगळी.

तर आमचा ओटा. मी मिस्त्रीला म्हटलं, सिमेंट लावू नका. नुसत्या विटा रचा, वर फळी टाका, परात ठेवा, आणि आयला भाकरी थापू द्या. मालदांडीचं पीठ, थापताना वरून जोर लागतो. 32 इंचांवर तिचे खांदे कानाला लागले, भाकरी एका अंगाला जाडच राहिली. विटेचा एक थर काढला. 29 वर आल्यावर हात मोकळा पडला. कोपरापासून चार-पाच बोटं खाली, हे तिचं माप. भाऊ कार्यकर्ता, पाच फूट आठ. तो म्हणाला, "एवढ्या बुटक्या ओट्याला मला वाकावं लागंल."

आय म्हणाली, "तू कवा हुबा राहणार हाईस?"

मिस्त्री हसला. भाऊ हसला नाही. आता रविवारी तो उभा राहतो. वाकतो. पाठ दुखली की सांगतोही.

वर कडप्पा टाकला, ग्रॅनाइट परवडला नाही. कडप्पा काय, शहाबादी काय, चुनखडीचेच दगड. लिंबू-चिंचेचं पाणी सांडून राहिलं की डाग खोल जातो, लगेच पुसावं लागतं. सिलिंडरला मिस्त्री बंद कपाट करणार होता. ते होऊ दिलं नाही. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर भुईसरपट साठतो. म्हणून खाली, जमिनीलगत जाळी हवी. वरच्या खिडकीनं भागत नाही. शेंगाचटणीचं उखळ तेवढं बुजवू दिलं नाही. मिक्सरात तसं तेल सुटत नाही, हे आयचं म्हणणं, आणि माझंही.

पाण्याची जागा आयनं कुणाला ठरवू दिली नाही. या शहरात कित्येक वर्षं नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांआड पाणी आलं. त्यामुळं साठवण ओट्याखाली, टाकी बांधून. पण पिण्याचा माठ तिनं उंबऱ्याला लागून, बाहेरच्या खोलीतून हात पोचेल असा ठेवायला लावला. तिची आय गावच्या आडावर घागर घेऊन ताटकळायची, कुणी वरून ओतंल म्हणून. "हितं कुणी कुणाला वाढायचं न्हाई," आय म्हणाली, "येईल त्यानं आपल्या हातानं घ्यावं." मिस्त्रीनं पहिलं पाणी तिथंच घेतलं. कुठल्या जातीचा, आम्ही विचारलं नाही.

काम संपलं त्या आठवड्यात पलीकडच्या गल्लीतल्या दोघी सुतळी घेऊन आल्या. आयनं त्यांना ओट्यापुढं उभं करून परात दिली, हात चालवायला लावला, आणि जिथं खांदा सैल पडला तिथं सुतळीला गाठ मारली. एकीची 28 वर, दुसरीची 31 वर. मिस्त्री आता आधी सुतळी मागतो.