पांघरूण काढण्याची वेळ

वाचकहो, आपण देशाच्या कोणत्याही भागात राहत असलात, तरी अंगणात नाही तर खिडकीतल्या डब्यात का होईना, आपल्या घरी एखादे रोप असेलच. त्या रोपावर पांघरूण घालण्याचा प्रसंग आपणांवर कधी आला आहे काय? आला असेल, तर माझी ही हकीकत आपणांस ओळखीची वाटेल. नसेल, तर दुसऱ्याच्या चुकीवरून शहाणे होण्याचा लाभ तरी पदरी पडेल.

माझे बालपण वाईस, कृष्णेच्या काठी गेले. तेथील थंडी माणसाला शेकोटीजवळ बसविण्यापुरती. तिने तुळशीचे पान काळे पडलेले मी कधी पाहिले नाही. पुढे नोकरीमुळे आमचे बिऱ्हाड डेहराडूनला झाले. वडील गेल्यावर आई आमच्याकडे आली, ती पदराच्या गाठीत घरच्या तुळशीच्या मंजिऱ्या बांधून. त्या बियांची रोपे उगवली, त्यांतले एक तिने मोठ्या कुंडीत लावले, आणि परमुलखात तिला बोलावयास कोणी तरी मिळाले.

डेहराडूनचा पौष तिला नवीन होता. शेजारच्या गढवाली बाईंनी तिला वेळीच सांगितले, की येथे तुळशीला रात्री झाकावे लागते. तेव्हापासून कुंडीभोवती चार काठ्या उभ्या राहिल्या. दिवेलागणीच्या आधी आई त्यांवर आपले जुने लुगडे पसरी, त्याचे काठ जमिनीपर्यंत सोडी, आणि सकाळी ऊन कुंडीवर आले की ते काढून, झटकून, दोरीवर वाळत टाकी. हा क्रम सहा हिवाळे चालला. म्हातारपणाचा विरंगुळा, यापलीकडे मी त्यास महत्त्व दिले नाही.

२०११ सालच्या डिसेंबरात मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी आई माझ्या बहिणीकडे पुण्यास गेली. जाताना म्हणाली, "दिवे लागायच्या आत पांघरायचं, ऊन आलं की काढायचं. दुसरं काही करू नकोस." मी दुसरेच केले. रोज दोनदा हा उपद्व्याप कशाला, असा विचार करून मी बांबूच्या कामट्यांचा सांगाडा बांधला, त्यावर पातळ पारदर्शक प्लास्टिक ताणून चहूबाजूंनी पक्के केले, आणि एक कायमची सोय झाल्याचे समाधान मानले. प्लास्टिकमधून ऊन आत जाते. मग ते काढावयाचे कशासाठी? माझा हा युक्तिवाद मला बिनतोड वाटत होता.

तीन आठवड्यांनी मी ते सोडले, तेव्हा प्लास्टिकला टेकलेली वरची पाने काळी पडली होती, खालच्या पानांवर बुरशी धरली होती, आणि खोड बुडाशी मऊ झाले होते. एकच रोप थंडीने, उष्म्याने आणि दमटपणाने एकदम कसे मरावे, हे कोडे मला सुटेना.

ते पुढे वाचनाने सुटले. निरभ्र, निवांत रात्री जमीन आणि पाने आपली उष्णता आकाशाकडे फेकीत राहतात. त्यामुळे पान भोवतालच्या हवेहूनही थंड होते आणि त्यावर हिमकण धरतात. सुती कापड ही बाहेर जाणारी उष्णता अडवते आणि जमिनीची ऊब आत राखते. साधे पातळ पॉलिथीन तीच उष्णता बरीचशी आरपार जाऊ देते. त्यातून पान त्यास टेकले, तर गारठा थेट पानात उतरतो. दिवसा मात्र याच्या उलट. आत तापलेली हवा वर जावयास वाट नसते, म्हणून ती कोंडते. काचघर तापते ते मुख्यतः या कोंडलेल्या हवेमुळे. अमेरिकन पदार्थवैज्ञानिक रॉबर्ट वुड यांनी १९०९ साली दोन पेट्या उन्हात ठेवून हे पाहिले होते. एका पेटीवर काच होती. दुसरीवर उष्णतेचे किरण आरपार जाऊ देणाऱ्या सैंधवाचा पत्रा होता. तरीही दोहोंच्या तापमानात जेमतेम एका अंशाचा फरक पडला. माझे आच्छादन असे रात्री उघडे आणि दिवसा बंद होते. आईचे लुगडे रात्री बंद आणि दिवसा उघडे.

हे शहाणपण फार जुने आहे. रोमन ग्रंथकार प्लिनी पहिल्या शतकात लिहितो, की टायबेरियस बादशहाला काकडीच्या जातीचे एक फळ रोज ताटात लागे. त्यासाठी माळी चाकांवरचे वाफे उन्हात ओढून आणीत, आणि हिवाळ्यात पारदर्शक दगडाचे पातळ पत्रे बसविलेल्या चौकटींखाली परत ढकलीत. आच्छादन सरकेना, म्हणून त्यांनी बागच सरकविली!

आजच्या हरितगृहांत कडेचे प्लास्टिक दांडा फिरवून गुंडाळता येते, आणि छताखाली तारांवरून सरकणारे पडदे असतात. ॲल्युमिनियमच्या पट्ट्या विणलेला तोच पडदा उन्हाळ्याच्या दुपारी ऊन अडवितो आणि हिवाळ्याच्या रात्री ऊब राखतो. लेहकडे जमिनीत सुमारे ३ फूट खोल चर खणून, त्यावर प्लास्टिक घालून ऐन हिवाळ्यात पालेभाजी काढतात; तेथेही रात्री त्यावर आणखी एक जाड आच्छादन पसरतात आणि सकाळी ते काढतात. हिमाचलातील सफरचंदांच्या बागांवर गारांपासून रक्षणासाठी जाळ्या असतात. हंगाम सरताच त्या गुंडाळून ठेवाव्या लागतात; नाही तर बर्फाच्या भाराने जाळीच झाडाच्या मुळावर उठते. जागा बदलल्या, साधने बदलली, तरी नियम एकच : जे पसरता येते, ते आवरताही आले पाहिजे.

आई परत आली, तेव्हा तिची दृष्टी स्वच्छ झाली होती, आणि त्या दृष्टीने तिने प्रथम पाहिली ती रिकामी कुंडी. मी घडले ते सांगितले. ती रागावली नाही. थोड्या वेळाने एवढेच म्हणाली, "तू तिला झाकलंस, पण रोज पाहिलं नाहीस."

हे वाक्य माझ्या मनातून आजवर गेलेले नाही. पांघरूण काढण्याच्या निमित्ताने आई रोज सकाळी पान पाही, माती चाचपी, कीड लागली असल्यास टिपी. मी जे श्रम वाचविले, तीच खरी राखण होती.

देवघरातल्या डबीत जुन्या मंजिऱ्या होत्या. उन्हे तापू लागल्यावर आईने त्यांचे बी पुन्हा पेरले. ती गेली त्यासही आता बरीच वर्षे झाली. तुळस तिच्याच बियांची आहे. कुंडीभोवती मी लोखंडी चौकट केली असून तिच्यावर कड्यांत ओवलेले सुती कापड दोरीने सरकते. वाचकहो, आपणही असे काही करणार असाल, तर कापड पानांना टेकू देऊ नका, ते जमिनीपर्यंत पोहोचू द्या, आणि ऊन पडताच बाजूला सारा.

दोरी आपोआप ओढणारे लहानसे यंत्र आता मिळते. मुलाने ते आणू का म्हणून विचारले होते. मी नको म्हटले. सकाळी ऊन कुंडीवर आले, की मी स्वतः जाऊन दोरी ओढतो, आणि मग थोडा वेळ तेथेच उभा राहतो.